'सेट'ला मराठीत नेमकं काय म्हणायचं? (एक शब्द पुरत नाहीये)

शाईचा_ठिपका
मंडळी, जरा मदत हवीय. मी भाषांतराची कामं घेते, बहुतेक वापरपुस्तिका, यंत्रांवरच्या सूचना असलं. मागच्या आठवड्यात एका ओव्हनच्या पॅनलची आणि सोबतच्या पाककृतींच्या पुस्तिकेची फाइल आली, मराठी आधीच कोणीतरी केलेलं होतं आणि मला फक्त तपासून द्यायचं होतं. त्यात इंग्रजी 'सेट' हा शब्द एकेचाळीस वेळा आलाय आणि एकेचाळीसही ठिकाणी त्याचं 'संच' केलंय. "वेळ संच करा", "तापमान संच करा", आणि पुस्तिकेत चक्क "पुडिंग दोन तास संच होऊ द्या". भाषांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये एकदा एका शब्दाला एक प्रतिशब्द भरला की तो सगळीकडे आपोआप जाऊन बसतो, म्हणून हे झालं असणार. आई शेजारी भाजी निवडत होती, तिला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "म्हणजे एकदम किती पुडिंगं करायची?"

तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. संच चूक नाही, नववीच्या बालभारतीच्या गणिताचा पहिलाच धडा 'संच' आहे, भांड्यांचा संच, पुस्तकांचा संच, सगळं बरोबर. पण पुडिंगचा सेट वेगळा, घड्याळाचा वेगळा, टेनिसचा वेगळा, अंगठीतल्या खड्याचा वेगळा. तर तुम्ही तुमच्या घरात, कामाच्या जागी 'सेट'साठी काय म्हणता किंवा तुमचे आईवडील काय म्हणायचे ते सांगाल का? कोशातले शब्द माझ्याकडे आहेत, मला बोलण्यातले हवेत.

ताकविरजण
स्वयंपाकघरापुरतं मी सांगते कारण हा माझ्या फार जिव्हाळ्याचा विषय आहे. हल्ली सगळ्या रेसिपी व्हिडिओंत "आता हे सेट व्हायला ठेवू या" असं असतं, दही पण सेट, वडी पण सेट, जेली पण सेट. आमच्या आजीकडे प्रत्येकाला वेगळा शब्द होता आणि तो उगाच वेगळा नव्हता, आत काय घडतंय ते त्यात असायचं.

दही लागतं. "दही लागलं का गं?" असं विचारायचे. दूध कोमट करून विरजण लावायचं, भांडं हलवायचं नाही, सकाळी झाकण काढून भांडं किंचित कलतं करायचं आणि दही एकसंध कडेवरून सुटलं की लागलं, आणि वर जाड कवड्या पडल्या तर ते कवडी दही. तूप थिजतं, खोबरेल तेल थिजतं, म्हणजे थंडीने घट्ट होतं आणि ऊब दिली की परत पातळ. पाणी गोठतं. रक्त साकळतं. पाक, आमरस, बासुंदी आळते, म्हणजे आटवून आटवून दाट होते. वडीचं मिश्रण आळलं की ताटाला तूप लावून थापायचं, वाटीच्या बुडाने सारखं करायचं, कोमट असतानाच सुरीने रेघा मारायच्या आणि निवल्यावर नीट सुटल्या तर "वड्या पडल्या", नाही सुटल्या तर "वड्या पडल्या नाहीत, पाक कच्चा राहिला". आता बघा, थिजणं आणि आळणं या दोन्ही ठिकाणी इंग्रजीत सेट चालेल पण एक गारव्याने होतं आणि एक आचेने. नव्याने शिकणाऱ्या मुलीला "थिजू दे" म्हटलं की ती फ्रीजकडे जाते आणि "आळू दे" म्हटलं की गॅसकडे. "सेट होऊ दे" म्हटल्यावर ती कुठे जाणार?

शाईचा_ठिपका
ताकविरजणताई, हे वाचून मी लगेच चार ओळी बदलल्या. "सेट होऊ दे म्हटल्यावर ती कुठे जाणार" हाच माझा सगळा प्रश्न आहे खरं तर.

बागवान_निफाड
आमच्या द्राक्षबागेत सेटिंग हा शब्द रोजचा आहे, अगदी मजूर बायकांच्या तोंडी पण. ऑक्टोबर छाटणी झाली की घड निघतात, मग फुलोरा, आणि फुलोऱ्यात जर ढगाळ हवा आली पाऊस आला तर घडाची कूज होते गळ होते, रात्र रात्र झोप नसते माणसाला. त्यातून निभावलं की म्हणायचं "मणी सेटिंग चांगली झाली". पण माझे वडील कधीच सेटिंग म्हणायचे नाहीत. ते म्हणायचे "मणी धरले". आंब्याला पण तेच, मोहोर कितीही येऊ द्या, कैरी धरली पाहिजे. पुस्तकात त्याला फळधारणा म्हणतात, तेच ते.

डाळिंबवाल्यांचा तर सगळा हिशोबच धरण्यावर असतो. "यंदा कोणता बहार धरला?" हा पहिला प्रश्न. आंबिया म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीचा, मृग जून-जुलैचा, हस्त सप्टेंबर-ऑक्टोबरचा. बागेचं पाणी तोडून ताण द्यायचा, पानगळ करायची, मग पाणी सोडलं की झाड फुटतं आणि कळी येते. झाड स्वतः फळ धरतं आणि शेतकरी बहार धरतो, दोन्हीकडे धरणेच, मला हे फार आवडतं. सेटिंग म्हटलं की वाटतं कुठल्या तरी मशिनचा खटका दाबला.

उसाचं_बेणं
बागवान भाऊ, आमच्या कोल्हापूरकडचं एक सांगतो. कृषी खात्याच्या इंग्रजी कागदात उसाच्या लागणीच्या कांडीला 'सेट' म्हणतात, त्याचं स्पेलिंग जरा वेगळं करतात, शेवटी टी दोनदा, पण शब्द तोच. लावायचा तुकडा तो सेट. आम्ही त्याला टिपरी म्हणतो, एक डोळ्याची टिपरी, दोन डोळ्यांची टिपरी, आणि सगळं मिळून बेणं. त्यामुळे तुमच्या फाइलमध्ये नसेल पण यादीत टिपरी घालून ठेवा.

आणि हो, खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवतात, एकवीस दिवस. इंग्रजीत त्याला पण सेटच म्हणतात असं मुलीच्या पुस्तकात वाचलं होतं.

स्लॅबवाला
मी साइटवर असतो. सिमेंट सेट होणं याला आमचे गवंडी "माल धरला" म्हणतात, म्हणजे धरणे इथे पण आलंच. आणि हा शब्द साइटवर पैशाइतका महत्त्वाचा आहे. आपल्याकडच्या मानकाप्रमाणे साध्या पोर्टलँड सिमेंटचा सुरुवातीचा सेटिंग टाइम ३० मिनिटांपेक्षा कमी नको आणि शेवटचा ६०० मिनिटांपेक्षा जास्त नको. या दोन आकड्यांच्या मध्ये माल असतो तेव्हा तो ना पातळ ना दगड. अर्धवट धरलेल्या मालात परत पाणी घालून तो मऊ करून वापरणारे लोक असतात, आणि मी एकदा एका पोराला त्यावरून फार बोललो होतो, नंतर वाईट वाटलं. मग दुसऱ्या दिवशी शांतपणे त्याला समजावलं की एकदा धरलेला माल मोडला की तो परत तसा धरत नाही. "धरला" म्हटल्यावर त्याला लगेच कळलं, सेटिंग टाइम म्हणून महिनाभर सांगत होतो ते कळलं नव्हतं.

फक्त एक, धरणं आणि कडक होणं वेगळं. धरल्यानंतर ताकद यायला पाणी मारत राहावं लागतं, किमान सात दिवस. पुष्कळ लोक सेट झालं म्हणजे झालं असं समजून पाणी मारणं सोडतात.

खिळेघर
माझे बाबा छापखान्यात जुळारी होते. जुळारी म्हणजे कंपोझिटर, जो खिळे, म्हणजे छपाईची सुटी शिशाची अक्षरं, जुळवतो. इंग्रजीत ज्याला टाइप सेट करणं म्हणतात ते हेच. केस म्हणजे खिळ्यांची खणांची पेटी, तिच्या प्रत्येक घरात एकेका अक्षराचे खिळे, डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ भरायची पट्टी, उजव्या हाताने खिळा उचलायचा आणि उलटा मजकूर वाचत ओळ भरायची. मराठीला काना वेगळा, वेलांटी वेगळी, रफार वेगळा, त्यामुळे इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त घरं. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याच्या अक्षरांचं नाव घरात नेहमी निघायचं, तसं वळण कोणाचं नाही म्हणायचे. बाबा घरी आले की त्यांची बोटं शिशाने काळी असायची आणि आई त्यांना आधी लिंबाने हात धुवायला लावायची.

ते कधी "मजकूर सेट केला" म्हणाले नाहीत. "आठ पानं जुळवली आज." जुळवणं या शब्दात प्रत्येक खिळा दुसऱ्याशी जुळतोय हे आहे. नंतर संगणक आले, लोक डीटीपी म्हणायला लागले, जुळवणं संपलं. मला हा शब्द कुठे तरी नोंदून राहावा असं वाटतं म्हणून लिहिलं, धाग्याला उपयोग असेल नसेल.

शाईचा_ठिपका
खिळेघर, उपयोग आहे. खूप आहे. घड्याळासाठी आपण "वेळ जुळवली" म्हणतोच की. तंबोरा पण जुळवतात.

अडगळकोश
मी शब्दकोश वाचत बसणारा माणूस आहे, म्हणून इंग्रजी बाजू थोडी सांगतो. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद 'सेट' या क्रियापदाचीच होती, जवळपास ६०,००० शब्दांची आणि नुसत्या क्रियापदाचेच ४३० अर्थ. नंतर नवीन आवृत्तीचं काम सुरू झाल्यावर 'मेक', 'पुट' पुढे गेले आणि २०११ मध्ये 'रन' सगळ्यांच्या पुढे गेला, ६४५ अर्थ. तेव्हा धागाकर्तीला एक शब्द सापडत नाहीये यात तिचा काहीच दोष नाही.

पण खरी गंमत पुढे आहे. 'सेट' म्हणून जो आपण एक शब्द समजतो ते मुळात दोन आहेत. क्रियापद सेट हे जुन्या इंग्रजीतल्या 'सेटान'वरून, आणि ते 'सिट'चं प्रयोजक रूप आहे. सिट म्हणजे बसणे, सेट म्हणजे बसायला लावणे, बसवणे. अगदी आपल्यासारखंच, बसणे-बसवणे. आणि संच या अर्थाचा सेट हा फ्रेंचमधून आला, त्याच्या मागे लॅटिन 'सेक्टा', म्हणजे एकाच्या मागे चालणारी मंडळी, पंथ. इंग्रजीतला 'सेक्ट' पण तिथलाच. पुढे इंग्रजीत दोघांचा उच्चार एक झाला आणि अर्थही थोडे एकमेकांत मिसळले.

सराफाच्या दुकानात हे दोन्ही एकाच वेळी दिसतात बघा. "हा खडा सेट करून द्या" म्हणजे कोंदणात बसवून द्या, हा बसवण्यातला सेट. आणि "मुलीला गळ्यातला-कानातला सेट केला" हा संचातला सेट. एकाच काउंटरवर दोन वेगळ्या घराण्यातले शब्द.

आणि या बसण्याच्या धातूचं संस्कृत भावंड म्हणजे सद्. सदन, संसद, परिषद, उपनिषद हे सगळे त्यातले. इंग्रजीतलं सीट, सेटल हेही त्याच गोतातलं. आपलं बसणे मात्र त्यातलं नाही, ते जुन्या मराठीतल्या बैसणेमधून, आणि ते उपविश् वरून आलं.

दूरदेशी
मी अमेरिकेत राहते, रविवारी मराठी शाळेत मुलांना शिकवते. माझ्याकडची मुलं इंग्रजीत विचार करून मराठी शब्द शोधतात, त्यामुळे हा प्रश्न मला दर आठवड्याला पडतो. एका मुलाने लिहिलं होतं, "आईने टेबल बसवले." त्याला सेट द टेबल म्हणायचं होतं. मी त्याला म्हटलं, अरे आपण पानं घेतो. "पानं घे रे" म्हटलं की ताटं, वाट्या, पाणी, मीठ सगळं आलं. माझ्या लहानपणी तर "पाटपाणी घ्या" असायचं. तो म्हणाला, पण आपल्याकडे ना पान आहे ना पाट. खरं आहे, पण शब्द अजून चालतो ना, आमच्या घरी डायनिंग टेबलवर स्टीलची ताटं मांडताना मी अजून "पानं घे" म्हणते आणि मुलं उठून घेतात.

सूर्याचं पण तसंच. सनसेट म्हणजे सूर्य बसला नाही, मावळला. एक पालक विदर्भातले आहेत ते "दिवस बुडला" म्हणतात आणि मुलांना ते जास्त आवडतं कारण चित्र दिसतं.

कामापुरतं
सगळं छान आहे पण मला एक वेगळं मत मांडायचंय. ओव्हन विकत घेणारा माणूस रोज "अलार्म सेट केला" म्हणतो. "करिअर सेट झालं", "शूटिंगच्या सेटवर", "सेटची परीक्षा पास झाला", हॉटेलात सेट डोसा, हे सगळं मराठीच झालंय आता. बटणावर सेट लिहिलं तर कोणाचं अडत नाही. उलट "तापमान निश्चित करा" लिहिलं तर माझ्या सासऱ्यांना मी फोनवर समजावत बसणार. माझं म्हणणं इतकंच की जे लोक वापरतात ते ठेवा.

ताकविरजण
कामापुरतं, तुमचं बटणाबद्दलचं पटतं. पण लोक वापरतात म्हणून जर सगळंच सेट केलं तर थिजणं-आळणं वापरणारे लोकही लोकच आहेत की. माझी कामवाली ताई कधी सेट म्हणत नाही. मग मराठी पुस्तिका कोणासाठी?

सूरपेटी
इतक्या प्रतिसादांत एक मोठा शब्द राहिलाच. लावणे. मी गाण्याच्या क्लासमध्ये रोज तोच वापरतो. तबला लावला, सूर लावला, आणि कवितेला चाल लावली, जे इंग्रजीत सेट टू म्युझिक म्हणतात. मग विचार करायला लागलो तर गजर लावला, सापळा लावला, आग लावली, कामाला लावलं, शिस्त लावली, पैज लावली, मर्यादा घातली हे एक सोडलं तर जवळपास जिथे इंग्रजी सेट तिथे आपलं लावणे हजर. शिवाय इंग्रजी सेटला जमत नाही तिथेही, दिवा लावला, दार लावलं, कुंकू लावलं, अर्थ लावला, घर लावलं, जीव लावला. शेतात भाताची लावणी. परदेशी माणसाला मराठी शिकवताना "दिवा लावला" म्हणजे सुरू केला आणि "दार लावलं" म्हणजे बंद केलं हे सांगताना माझी पुरेवाट झाली होती.

अडगळकोश
सूरपेटी, तुम्ही फार मोठी गोष्ट सांगितलीत! आणि बघा, लावणे हे लागणेचं प्रयोजक. दही लागतं, आपण विरजण लावतो. इंग्रजीत सिट-सेट, आपल्याकडे बसणे-बसवणे आणि लागणे-लावणे. म्हणजे सेटला एक प्रतिशब्द शोधत होतो तर त्याच घडणीचे दोन आपल्याकडे आधीपासून आहेत, फक्त कामं वाटून घेतलीत. जी वस्तू आपल्या जागी पक्की जाते ती बसवतो, खडा, हाड, फरशी, काच. आणि जे सुरू होतं किंवा चिकटतं किंवा मागे लागतं ते लावतो. पूर्ण नियम नाही हा, पण बराच चालतो.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, दुसरी आवृत्ती १८५७ ची, आणि कँडीचा इंग्रजी-मराठी १८४७ चा. वेळ मिळेल तेव्हा मोल्सवर्थ उघडून लावणेची नोंद आणि कँडीमध्ये सेटची नोंद शेजारी शेजारी ठेवून वाचा, एक रविवार सहज जातो.

मास्तरीण
पेपर सेट करणं राहिलं. शाळेत आम्ही "पेपर काढला" म्हणतो. "यंदा गणिताचा पेपर कोणी काढलाय?" आणि वर्गात गृहपाठ देतो. दोन्हीकडे इंग्रजीत सेट.

शाईचा_ठिपका
सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री दीडपर्यंत बसून फाइल संपवली. काय केलं ते सांगते कारण तुमच्यातल्या प्रत्येकाचं काही ना काही त्यात गेलंय.

बटणाचं नाव 'सेट' तसंच ठेवलं, कामापुरतं यांचं म्हणणं पटलं, कारण मशिनवर तो शब्द इंग्रजीत कोरलेला आहे आणि माणूस तोच शोधणार. पण वाक्यात "वेळ लावा", "तापमान ठरवा", "घड्याळ जुळवा". "ट्रे खाचेत नीट बसवा". भांड्यांच्या यादीत संच राहिला, तो बरोबरच होता. पुस्तिकेत जेलीला आणि चॉकलेटला "फ्रीजमध्ये थिजू द्या", रबडीला "आळू द्या", दह्याच्या पानावर "दही लागेपर्यंत भांडं हलवू नका". हे शेवटचं वाक्य लिहिताना आईला वाचून दाखवलं, ती नुसतं "हं" म्हणाली आणि भाजी निवडत राहिली, म्हणजे जमलं.

एकेचाळीसपैकी एक जागा अजून अडलीय. अंड्याचं पुडिंग. ते गारव्याने घट्ट होत नाही, आटतही नाही, वाफेवर शिजता शिजता घट्ट होतं. थिजू द्या लिहिलं तर लोक कच्चंच फ्रीजमध्ये ठेवतील. ताकविरजणताई, सुचतंय काही?

ताकविरजण
अगं, खरवसासारखं ते. चीक आणि दूध गुळात मिसळून कुकरमध्ये शिटी न लावता वाफवतो, तेव्हा आम्ही काही खास क्रियापद वापरत नाही, मध्यभागी सुरी खुपसून बघतो आणि ती कोरडी बाहेर आली की म्हणतो "झाला". तू पण तेच लिही, "मधोमध सुरी घालून पाहा, कोरडी निघाली की पुडिंग झालं." मग हवं तर गार करायला ठेवा म्हणावं.

शाईचा_ठिपका
लिहिलं. पाठवते आता.

उसाचं_बेणं
टिपरी कुठं बसली का शेवटी?

शाईचा_ठिपका
ओव्हनमध्ये नाही बसली दादा :) पण माझ्या वहीत पहिल्या पानावर आहे, खिळे जुळवण्याच्या शेजारी.